डुलणारा ट्रेलर आणि मागे जाणारा समुद्र

सासूबाई नाश्त्याला थालीपीठ खाता खाता फोनवर व्हिडिओ बघत होत्या. मध्येच त्यांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "विलासराव, हा समुद्र जातो कुठे?"

जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर दिवसातून दोनदा समुद्र मैलभर मागे हटतो आणि माणसं त्याच्या तळावरून अनवाणी फिरतात, असा तो व्हिडिओ होता. आई, म्हणजे सासूबाई, निवृत्त शिक्षिका. कराडजवळच्या गावात जन्म, नोकरी साताऱ्यात. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा बघितला, तोही मुलांच्या सहलीबरोबर, म्हणजे समुद्राकडे पाठ करून पोरं मोजत. व्हिसाचे शेवटचे काही आठवडे उरले होते. तोवर आम्ही त्यांना दाखवलं काय, तर हायलब्रॉनची भाजीमंडई, आमचं दुकान आणि नेकार नदीकाठचा तोच तो रस्ता.

"विचारायचं कशाला, जाऊन बघू या की," मी म्हणालो.

अनघा, माझी बायको, लॅपटॉपमागून जर्मन सवयीनं म्हणाली, "आल्झो, म्हणजे तो ट्रेलर एकदाचा हलणार."

माझी ओळख नव्या वाचकांसाठी थोडक्यात. अनघाला नेकारसुल्मला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, तिच्या मागे मी आलो. घरी बसवेना म्हणून इथल्या एकट्या इंजिनिअर पोरांना डबे द्यायला लागलो. डब्यांतून किराणा, किराण्यातून व्हॅन, आणि आता गेर्लिंगेनपर्यंत माल पोचवतो. गाडीत माल भरणं हा माझा रोजचा उद्योग, हे लक्षात ठेवा. पुढे माझी फजिती होणार आहे, ती समजायला उपयोगी पडेल.

तो ट्रेलर मी आखनजवळ एका वयस्कर डच जोडप्याकडून जुना घेतला होता. साधा कॅरव्हॅन गाडीच्या मागच्या हुकला लावतात. आमचा फिफ्थ-व्हील, ही जात इकडे कमी दिसते. याचं नाक उंच असतं आणि ते पिकअपच्या हौद्यावर येऊन बसतं. नाकाखाली एक जाड लोखंडी खुंटा असतो, त्याला किंगपिन म्हणतात. तो हौद्यात बसवलेल्या लोखंडी ताटात अडकतो. ट्रेलरच्या वजनाचा काही भाग असा थेट पिकअपच्या चाकांवर येतो, म्हणून हा प्रकार साध्या कॅरव्हॅनपेक्षा स्थिर समजला जातो. समजला जातो, हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. शिवाय ओढायला साधं लायसन्स पुरत नाही, बीई लागतं. त्यासाठी मी फारशूलमध्ये, म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून आलोय.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरलं. आत दाराजवळ बैठक, मागच्या टोकाला स्वयंपाकघर, आणि पुढे तीन पायऱ्या चढून नाकातली झोपायची जागा. आई आत आल्या, पायऱ्या चढल्या, खिडकीतून ऊन येत होतं ते बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर गाभाराच आहे. देव इथे बसवू."

त्यांचा प्रवासातला देव्हारा म्हणजे पितळेची पाच मूर्तींची छोटी सभा, एक समई आणि घंटा. मी लाकडी चौकटीत तो पक्का बसवून दिला. आता देवाकडे पाय करून कोण झोपणार? त्यामुळे आम्ही तिघंही बैठकीच्या जागेत झोपायचं ठरलं. तेवढ्यात आईंनी पलंगाखालचा मोठा कप्पा उघडला. त्यात मी बूट, हत्यारांची पेटी, फोरझेल्ट म्हणजे दारापुढे लावायचा तंबू, पाण्याचे कॅन आणि केमिकल टॉयलेटच्या औषधाची बाटली ठेवली होती.

"विलासराव," आई अगदी हळू म्हणाल्या, "देवाखाली संडासाचं औषध?"

बरोबर होतं त्यांचं. मी निमूट बाटली मागे नेली. मग बूट नेले. मग म्हटलं, कशाला वाद, सगळंच मागे जाऊ दे. तंबू, पेटी, कॅन, सगळं मागच्या स्वयंपाकघरात, जिथे आईंचे तांदूळ, कणीक, डाळी, दोन कुकर, लोखंडी तवा आणि स्टीलच्या डब्यांची रांग आधीच मांडून झाली होती. उत्तर समुद्रावर तांदूळ मिळत नाहीत अशी त्यांची ठाम समजूत, आणि किराणा विकणाऱ्या जावयाला ती खोडून काढता आली नाही.

समई पडली तर कळावं म्हणून आईंच्या आग्रहावरून आत एक बेबीफोनही लावला. तान्ह्या बाळाच्या खोलीत लावतात तोच. ट्रेलरमधला आवाज पिकअपमध्ये माझ्या कानाशी.

सकाळी ट्रेलर जोडला, मागे उभं राहून पाहिलं आणि अनघाला म्हणालो, "बघ, केवढी दणकट गाडी. एवढं नाक वर बसलं, पण मागून जराही दबली नाही."

हे वाक्यही लक्षात ठेवा.

पहिला दिवस. वाइन्सबर्गच्या जंक्शनवरून ए-८१ धरला, वुर्झबुर्गकडे. ट्रेलर मागे असला की ऑटोबानवर ताशी ऐंशी. तेवढ्या वेगानं जाताना जर्मनी वेगळाच दिसतो. द्राक्षाच्या बागा ओळीनं मोजता येतात, आणि तुम्हाला ओव्हरटेक करणाऱ्या प्रत्येक माणसाचा चेहरा वाचता येतो. आई मागच्या सीटवरून प्रत्येक नदीचं नाव विचारत होत्या. बेबीफोनमधून डब्यांची किणकिण येत होती. छान चाललं होतं.

वुर्झबुर्गनंतर ए-७ लागला आणि रस्ता ऱ्होनच्या डोंगरांत शिरला. उंच पूल, पुलावर वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल-पांढरी पिशवी, मग लांब उतार. एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडायला लागला. ट्रक शेजारी आला की त्याच्या तोंडची हवा आधी तुम्हाला ढकलते, आणि तो पुढे गेला की ओढते. व्हॅनमध्ये याची सवय आहे मला. पण या वेळी ट्रक निघून गेला तरी ते थांबेना. आमचा ट्रेलर मागच्या मागे डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षा जास्त. बेबीफोनमध्ये सगळे डबे एका भिंतीवर आपटले, थांबले, दुसऱ्या भिंतीवर आपटले. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, मग दुसरी.

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. झुलण्याच्या उलट वळवायचा मोह फार होतो. तो आवरायचा, नाहीतर झोका आपणच वाढवतो. ब्रेकबद्दल वेगवेगळे लोक वेगवेगळं सांगतात, तेव्हा तुमच्या गाडीला काय लागू पडतं ते निघायच्या आधीच विचारून ठेवा. आमचा वेग साठच्या खाली आल्यावर झोका विरला.

मग आई म्हणाल्या, "घंटा नाही वाजली."

"काय, आई?"

"एवढे डबे आपटले, पण देवाची घंटा एकदाही वाजली नाही. देव जागेवर आहेत."

तेव्हा मला ते श्रद्धेचं वाक्य वाटलं.

पुढच्या विश्रांतिथांब्यावर थांबलो. टॉयलेटला सुटे पैसे जवळ ठेवा, आणि जेवण घरचंच बरं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेजारच्या बाकावर दोन जर्मन आजोबा कॉफी पीत आमच्या गाडीकडे बघत होते.

"हा अर्धा ट्रकच झाला की," एक म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," दुसरा म्हणाला, "आणि अर्धा ट्रक म्हणजे दुप्पट कटकट."

त्यांना वाटलं आम्हाला जर्मन येत नाही. मी हसून मान डोलावली तसे दोघं एकदम हवामानावर बोलायला लागले.

साठ-पासष्टच्या वेगानं, ट्रकवाल्यांचे भोंगे ऐकत, दुपारी कासेलच्या अलीकडे फुल्डा नदीकाठच्या कॅम्पिंगला पोचलो. तीन माणसं, गाडी, ट्रेलर मिळून एका रात्रीचे पन्नासच्या आसपास युरो, वीज वेगळी. जागा सुंदर. नदीत बदकं, काठाला सायकलवाट, आणि प्रत्येक कॅरव्हॅनसमोर हिरव्या कुंड्या, जणू लोक इथेच जन्मले.

संध्याकाळी मी ट्रेलरच्या मागे वाकून चाकं बघत होतो. खिडकी उघडी होती. आत आई त्यांच्या बहिणीशी, म्हणजे कुमुदमावशींशी, साताऱ्याला फोनवर बोलत होत्या. ऐकायचं नव्हतं, पण माझे कान तसे आहेत.

"जावई गुणी आहे गं," आई सांगत होत्या. "पण गाडी पाळण्यासारखी झुलते. आता मी काही पुढे जायची नाही. त्याला सांगणार नाही तसं, फार मन लावून करतोय सगळं. गुडघे दुखतायत म्हणेन."

पाच मिनिटांनी आई बाहेर आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि गुडघ्यावर हात फिरवत म्हणाल्या, "विलासराव, समुद्र राहू दे आता. गुडघे बोलायला लागलेत. दोन दिवस इथेच बदकं बघू आणि परत जाऊ."

मी म्हटलं, "बरं, आई."

अनघाला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गुडघे? सकाळी ट्रेलरच्या पायऱ्या माझ्याआधी चढली ती."

"घाबरल्यात. आणि मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नाहीत."

"मग उद्याच्या दिवसात तू शोधून काढ काय बिघडलंय ते. नाहीतर ती समुद्र न बघता विमानात बसेल आणि जन्मभर म्हणेल की बदकं फार छान होती."

दुसरा दिवस. सकाळीच शेजारचे हॉर्स्ट आले. गुडघ्यापर्यंत मोजे, हातात कॉफीचा मग. जर्मन कॅम्पिंगवर तुम्ही गाडीखाली वाकलात की सल्ला चालत येतो, बोलवावा लागत नाही.

"टायरमधली हवा," हॉर्स्ट म्हणाले. "नेहमी टायरमधली हवाच असते."

मी बघितलं. एका टायरमध्ये खरंच थोडी कमी होती. ती भरली आणि मागच्या रिकाम्या रस्त्यावर एकट्यानं फेरी मारली. सत्तरला, उतारावर, शेपूट पुन्हा हलायला लागली. हॉर्स्ट नाराज झाले. "मग वारा असेल," ते म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

अनघा लॅपटॉप बंद करून आली. "असं नको. आम्ही कोडमधला दोष शोधतो तसा शोधू. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. आणि आधी सांग, नेमकं होतं काय? कसा झटका बसतो?"

हा प्रश्न कुणी आधी विचारला असता तर बरं झालं असतं. ज्यांना ट्रेलर ओढायचाय त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा. झटका पुढे-मागे बसत असेल, कुणी पाठीत धक्का दिल्यासारखा, तर खुंटा आणि ताट यांच्यात ढिलाई आहे. ब्रेक मारल्यावर गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर ब्रेक किंवा टायर बघायचा. ट्रक गेल्यावर एकदाच हलून शांत होत असेल तर ती नुसती हवा. आमचं तसं नव्हतं. सावकाश, लयीत, डावीकडून उजवीकडे, आणि वेगाबरोबर वाढणारं. मी खुंट्याशी हात लावून बसलो, अनघानं पिकअप टिचभर पुढे-मागे केली. खट असा आवाज नाही. ढिलाई नव्हती.

"आवाज कुठून येत होता?" अनघानं विचारलं.

"मागून. सगळे डबे—" आणि मी थांबलो. मागून सगळे डबे. पुढची घंटा एकदाही नाही. आईंनी कालच सांगितलं होतं. नाक जवळजवळ स्थिर होतं आणि शेपूट झुलत होती.

मी पिकअपच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती अजून तशीच ताठ उभी होती, जराही न दबता. एवढ्या ट्रेलरचं नाक पाठीवर घेतल्यावर तिनं थोडं तरी खाली बसायला हवं होतं. नाकावर वजनच नव्हतं. रोज व्हॅनमध्ये तांदळाची पोती पुढे, पापड मागे अशी शिस्त लावणाऱ्या माणसानं आख्खं घर मागच्या टोकाला रचलं होतं.

"कुणामुळे ते मी म्हणत नाही," अनघा म्हणाली.

"म्हणूही नकोस. आता आईंना सांगायचं कसं?"

"तू सांग. जावयाला ती काही बोलणार नाही."

"म्हणूनच तू सांग. मी सांगितलं तर त्या मला काही बोलणार नाहीत आणि देव मांडीवर घेऊन परत जातील. मग समुद्र गेलाच."

शेवटी ठरलं की आधी खात्री करायची. हॉर्स्टनी सांगितलं, पुढच्या गावात शेतमालाच्या गोदामाचा मोठा काटा आहे, किरकोळ पैसे घेऊन कुणाचीही गाडी मोजून देतात. आईंना म्हटलं, "शेजारच्या गावात जायचंय, सायकलच्या वेगानं. नवा गहू आलाय, तो बघायला." गहू म्हटल्यावर गुडघे बोलायचे थांबले.

ऑगस्टचे दिवस, कापणी चाललेली. काट्यापुढे ट्रॅक्टरची रांग, ट्रॉल्यांत गहू काठोकाठ, हवेत भुसा. खिडकीतल्या बाईंनी आमच्याकडे बघून विचारलं, "तुमचं काय मोजायचं? गहूच का?"

"स्वयंपाकघर," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि रांग संपल्यावर आम्हाला आत घेतलं. मोजायची रीत सोपी आहे. आधी ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर उभा करायचा. मग पिकअपला जोडून, पिकअप काट्याबाहेर ठेवून, फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर. दोन्हींतला फरक म्हणजे नाकावरचं, खुंट्यावरचं वजन. एकटा भरला एकोणीसशे वीस किलो. जोडल्यावर चाकांवर सतराशे ऐंशी. म्हणजे नाकावर एकशे चाळीस. अशा ट्रेलरला निदान पंधरा टक्के तरी नाकावर हवेत, म्हणजे जवळजवळ तीनशे किलो. निम्मेच होते.

मी पावती हातात घेऊन उभा होतो. आई शेजारच्या ट्रॉलीतला मूठभर गहू तळहातावर घेऊन फुंकर मारत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय निघालं?"

"काही नाही, आई. थोडं वजनाचं आहे."

"वजनाचं काय?"

मी अनघाकडे बघितलं. अनघा आकाशाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मागे थोडं जास्त झालंय. पुढे कमी पडलंय."

आई क्षणभर ट्रेलरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गाडी उलाळ झाली म्हणा की."

हा शब्द मी माझ्या आजोबांनंतर पहिल्यांदा ऐकला. बैलगाडीत मागे जास्त ओझं झालं की पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. त्याला उलाळ म्हणतात. गाडी मग वळणावर कुठेही फेकते.

"माझे वडील गुळाच्या ढेपा भरायचे," आई सांगू लागल्या, "तेव्हा मला जुवाशी उभं करायचे. जू उचललं गेलं की मी ओरडायचं. मला एवढं माहीत आहे, विलासराव. काल गाडी झुलली तेव्हाच मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला तरी कुठे सांगायचं होतं? गुडघे म्हणालात."

आई गहू निवडत राहिल्या. "कुमुदशी बोलत होते ते ऐकलंत वाटतं."

"खिडकी उघडी होती."

"तुमचे कान फार लांब आहेत." मग हातातला गहू परत ट्रॉलीत टाकून त्यांनी हात झटकले. "माझ्यामुळे झालं ना? देवांखालून सगळं काढायला लावलं मी."

"तुम्ही बाटली काढायला सांगितलीत. बाकीचं मीच उगाच हलवलं."

"अनू, दार उघड. बघू काय काय आहे मागे."

आणि तिथेच, गोदामाच्या अंगणात, एका बाजूला गाडी घेऊन दरबार भरला. आई ट्रेलरच्या दारात उभ्या, मी मागून एकेक वस्तू दाखवतोय, त्या निकाल देतायत.

"तांदूळ?"

"धान्य आहे, अन्नपूर्णा. देवांखाली नाही तर कुठे ठेवणार? पुढे. कणीक आणि डाळीही."

"पाण्याचे कॅन?"

"देवाला पाणी लागतंच. पुढे."

"तंबू?"

"तंबू म्हणजे मांडव. मांडव कधी अशुभ असतो का? पुढे."

हत्यारांच्या पेटीशी मी अडखळलो. ग्रीस, काळे हात, जुनी फडकी. आईंनी आत डोकावून पाहिलं. "दसऱ्याला हत्यारांची पूजा करता ना तुमच्या दुकानात?"

"करतो. काट्याची आणि व्हॅनचीही."

"मग आज कशाला विचारता? पुढे."

"बूट?" अनघानं खोडसाळपणे विचारलं.

"बूट मागेच. आणि ती बाटलीही मागे. सगळ्यालाच काही सवलत नाही मिळत."

पुन्हा काट्यावर उभे राहिलो. खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्यांदा पैसे घेतले नाहीत, म्हणाल्या की असं स्वयंपाकघर रोज येत नाही. नाकावर तीनशे तीस. पिकअपची मागची बाजू दोन बोटं खाली बसली होती. मला ती आता कालच्यापेक्षा जास्त दणकट दिसली.

"चला," आई म्हणाल्या, "पण आधी मोठ्या रस्त्यावर तुम्ही एकटे जाऊन या. मी बदकांपाशी थांबते."

गेलो. ए-७ वर एका एक्झिटपासून पुढच्या एक्झिटपर्यंत, ऐंशीच्या वेगानं. दोन ट्रक ओलांडून गेले. ट्रेलरनं प्रत्येक वेळी एकदा खांदा उडवल्यासारखं केलं आणि गप्प झाला. बेबीफोनमध्ये डबे नुसते कुजबुजत होते. परत आलो तेव्हा आई कुंड्यांशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, हॉर्स्ट त्यांना जर्मनमध्ये टायरमधल्या हवेबद्दल समजावत होते आणि आई मराठीत "हो का, हो का" म्हणत होत्या.

"कशी चालली?" आईंनी विचारलं.

"तुम्ही बसून बघा."

त्यांनी खुर्ची मिटली. मग पर्स घेतली.

तिसरा दिवस. कासेलच्या पुढचे चढ-उतार, गोटिंगेन, हानोफर, मग वाल्सरोडला ए-२७ धरून ब्रेमनकडे. डोंगर संपले की रस्ता ताटासारखा सपाट होतो, पवनचक्क्या सुरू होतात आणि गाई जास्त, माणसं कमी. पहिल्या तासात आईंनी दरवाज्यावरचं हँडल घट्ट धरलं होतं. प्रत्येक ट्रक शेजारी आला की त्यांची बोटं पांढरी व्हायची. गोटिंगेननंतर एका हाताऐवजी दोन बोटं राहिली. हानोफरच्या अलीकडे अनघानं मला कोपरानं खुणावलं. आरशात बघितलं तर आईंचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या शेंगा सोलत होत्या. सोललेले दाणे मला पुढे देत होत्या.

मध्ये रात्र काढायची गरज पडली नाही, पण कुणी लहान मुलं घेऊन जाणार असेल तर ब्रेमनच्या अलीकडे थांबा. आम्ही संध्याकाळी कुक्सहाफनच्या किनाऱ्याजवळच्या कॅम्पिंगला पोचलो. सुट्टीच्या दिवसांत जागा आधी राखून ठेवावी लागते, आणि फिफ्थ-व्हीलची लांबी फोनवर स्पष्ट सांगावी, नाहीतर दोन झुडपी कुंपणांच्या मध्ये अडकाल. किनाऱ्यावर जायला कुरटॅक्स नावाचा छोटा कर आहे, कॅम्पिंगवालेच घेतात. मासे खाणाऱ्यांनी पावात घातलेला हेरिंग खाऊन बघावा. अनघानं खाल्ला. आईंनी तिच्यापासून दोन खुर्च्या लांब बसून वरण-भात खाल्ला.

सकाळी बंधाऱ्यावर चढलो आणि समुद्र नव्हता.

होता तिथे क्षितिजापर्यंत ओला, चमकणारा, राखाडी चिखल. लांबवर घोडागाड्या चालल्या होत्या, जिथे रात्री जहाजं होती तिथे. भरती-ओहोटीच्या वेळा बंधाऱ्यावर फलकावर लिहिलेल्या असतात. त्या वाचल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नका, आणि लांब जायचं असेल तर वाटाड्या घ्या. पाणी परत येतं तेव्हा आधी तुमच्या मागच्या ओढ्यांमधून येतं.

आईंनी चपला काढल्या, साडी दोन वीत वर खोचली आणि उतरल्या. पाय घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी तो बाहेर काढला, बोटांमधला चिखल बघितला आणि पुढे चालू लागल्या. मी आधाराला हात पुढे केला.

"गुडघे ठीक आहेत माझे," त्या म्हणाल्या.

बऱ्याच आत जाऊन थांबल्या. वाळूवर लाटांच्या रेषा जशाच्या तशा होत्या, कुणी बोटांनी ओढल्यासारख्या. आईंनी वाकून पाण्याच्या एका छोट्या डबक्यात हात बुडवला आणि चाटून बघितला.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे गेलेला नाही. इथेच कुठेतरी आहे."

दुपारी आम्ही बंधाऱ्यावरच्या बाकावर बसून तो परत येताना बघितला. आधी एक चकाकती रेघ, मग रेघेची पट्टी, मग सगळंच. आईंनी एकदाही पाठ फिरवली नाही. मोजायला या वेळी पोरं नव्हती.

परतीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि हीच त्याची चांगली बाजू. ब्रेमनपासून आई झोपल्या. बेबीफोनमधून डब्यांचा आवाज येतोय का म्हणून मी कान लावला, पण मागच्या सीटवरच्या घोरण्यात काही ऐकू येईना. ऱ्होनच्या त्याच डोंगरांत एक ट्रक गेला, पुढची छोटी घंटा एकदा किणकिणली, शेपूट हलली नाही, आणि आई झोपेतच म्हणाल्या, "ठीक आहे."

घरी आल्यावर ट्रेलर रिकामा केला. देव घरात आले, बूट कपाटात गेले. पुढच्या कप्प्यात हत्यारांची पेटी आणि तंबू मात्र मी तसेच ठेवले. लोक मला विचारतात की फिफ्थ-व्हील घ्यावा का. मी सांगतो, घ्या, पण पहिल्या मोठ्या प्रवासाआधी सगळं सामान भरून, माणसांना वाटतं तिथे देव बसवून, एकदा काट्यावर जा. आणि जोडल्यावर गाडी थोडी दबली तर वाईट वाटून घेऊ नका.

दोन आठवड्यांनी आईंना सोडायला फ्रांकफुर्टला गेलो. तिकीट काढतानाच त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, आपल्याकडचे सगळेच सांगतात, रांग टळते. गणवेशातली एक तरुण मुलगी खुर्ची घेऊन आली. आई ऐटीत बसल्या. मुलीनं त्यांची जड हँडबॅग, ज्यात देव, समई आणि कुमुदमावशींसाठी चॉकलेटं होती, उचलली आणि खुर्चीच्या मागच्या दांड्याला अडकवायला लागली.

आईंनी मान वळवून तिचा हात धरला.

"मागे नको," त्या मराठीतच म्हणाल्या आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारली. "इकडे दे, पुढे. विलासराव, तिला सांगा. उलाळ होईल."

मी सांगितलं. मुलीनं बॅग त्यांच्या मांडीवर दिली. मग खुर्ची सरळ, जराही न डुलता, सिक्युरिटीकडे निघून गेली.